कोणता हप्ता भरायचा, कोणता थांबवायचा: घरचा विमा आणि पेन्शन ठरवण्याची रीत

मार्चमध्ये विम्याचे फॉर्म भरले जातात ते बहुतेक दोन कारणांनी. एक, टॅक्स वाचतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं. दुसरं, एजंट मेहुण्याचा मित्र असतो आणि त्याला नाही म्हणवत नाही. मग जूनमध्ये पॉलिसी हातात धरून लोक विचारतात, "ही चांगली आहे का हो?" नुसत्या पॉलिसीकडे बघून याचं उत्तर देता येत नाही. घरावर काय आलं तर घर कोसळेल, त्यातलं किती आधीच झाकलेलं आहे आणि उरलेलं झाकायला किती पैसे पडतील, हे तीन आकडे याच क्रमाने काढावे लागतात. बहुतेकांची चूक क्रमात होते. योजना आधी निवडली जाते आणि गरज मागून शोधली जाते.

हिशेब हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक घर घेऊ. नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा ३४ वर्षांचा माणूस, हातात ३८,००० पगार. सिडकोत ६०० चौरस फुटांचं घर, गृहकर्जाचे ११ लाख बाकी. ३० वर्षांची बायको घरी शिवणकाम करते, मुलगी सहा वर्षांची, आई ७१ वर्षांची. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

टप्पा १: आधी कागद काढा

कोटेशन मागवण्याआधी एवढं एका ठिकाणी आणा:

१. घरातल्या प्रत्येक बँक खात्याचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट.
२. पगाराची स्लिप आणि पीएफचं पासबुक.
३. गृहकर्जाचं मंजुरीपत्र. कर्जाच्या रकमेत विम्याचा एकरकमी हप्ता घुसवलेला आहे का, हे त्यात दिसतं. अनेकांना तो भरल्याचं माहीतही नसतं.
४. जुन्या पॉलिसींचे मूळ बाँड. नुसत्या पावत्यांवर काम भागत नाही.
५. रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डं.

स्टेटमेंटमध्ये दोन आकडे शोधा: ४३६ रुपये आणि २० रुपये. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते आपोआप कापले जातात. ४३६ ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख, प्रवेश १८ ते ५० वयात, कवच ५५ पर्यंत. २० रुपये ही सुरक्षा विमा योजना: अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख, ७० वयापर्यंत.

*तपासा:* ४३६ रुपये दोन बँकांतून कापले जात असतील तर एक बंद करा. दोन हप्ते भरले तरी दावा एकच मिळतो. घरातल्या कुणाचेच कापले जात नसतील तर पुढचं काही ठरवण्याआधी हे दोन्ही सुरू करा. नव्याने नाव घातलं तर जीवन ज्योतीत पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचाच दावा मिळतो.

टप्पा २: काय झालं तर घर बुडेल, ते लिहा

वहीत पाच रकाने आखा: संकट, कुणावर, आधीचं कवच, उणीव, हप्ता. पहिल्या रकान्यात फक्त तीच संकटं लिहा, ज्यांचा खर्च तुमच्या बचतीतून किंवा सहा महिन्यांच्या पगारातून भागणार नाही. कमावत्याचा मृत्यू, मोठं आजारपण, हात-पाय निकामी होणं, घर किंवा घरातलं सामान नष्ट होणं. एवढंच.

मोबाइलची स्क्रीन, फ्रिजची वाढीव वॉरंटी, क्रेडिट कार्डासोबत येणारं कसलं कसलं 'प्रोटेक्शन' या यादीत येत नाही. खिशातून भरता येण्यासारख्या नुकसानीचा विमा काढायचा नाही. मुलांच्या नावाची पॉलिसीही इथे बसत नाही. घर मुलीच्या कमाईवर चालत नाही, त्यामुळे विमा बापाचा हवा.

टप्पा ३: आधीच काय झाकलेलं आहे

इथे घाई करू नका. पैसे खरे वाचतात ते याच टप्प्यात.

*नोकरीतून.* पीएफ कापला जात असेल तर त्यासोबत ईडीएलआय नावाचा आयुर्विमा असतो. कामगाराच्या पगारातून त्यासाठी काही कापत नाहीत, हप्ता मालक भरतो. नोकरीत असताना मृत्यू आला तर वारसाला कमाल ७ लाखांपर्यंत मिळतात. सातपूर-अंबडला वीस वर्षं काढलेल्या माणसांच्या घरीही हे माहीत नसतं आणि दावा करायचा राहून जातो. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, केलेलं आहे का ते आजच पाहा.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, लागू असतं. त्यात कुटुंबाच्या उपचारांसोबत आजारपणाच्या रजेचा पगारही येतो. त्या घराने खासगी आरोग्य विमा घेण्याआधी सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात जाऊन कोणते उपचार तिथे होतात आणि कशासाठी बाहेर पाठवतात, ते विचारून यावं. पगार मर्यादेबाहेर गेला की हे कवच संपतं, हेही वहीत लिहा.

कंपनीचा गट आरोग्य विमा असेल तर एचआरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: रक्कम किती, कोण कोण त्यात आहे, खोलीभाड्याची मर्यादा किती. आपल्या उदाहरणात ३ लाखांचं कवच आहे, पण आई त्यात नाही.

*सरकारकडून.* महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. महाराष्ट्रात आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. ७० वर्षं पूर्ण केलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून उत्पन्नाची अट नाही. आधारवर नोंदणी करून वय वंदना कार्ड काढायचं, त्यात स्वतंत्र ५ लाख. म्हणजे ७१ वर्षांच्या आईसाठी महागडी पॉलिसी घेण्याआधी हे कार्ड काढणं ही पहिली पायरी.

मात्र कार्ड काढून थांबू नका. तुम्ही एरवी ज्या दवाखान्यात जाता तो यादीत आहे का आणि तुम्हाला लागणारा उपचार तिथे योजनेत होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एखादं रुग्णालय हृदयाच्या उपचारांसाठी यादीत असतं आणि गुडघ्यासाठी नसतं. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बरं असताना एकदा जाऊन त्याला विचारा. मध्यरात्री ॲम्ब्युलन्समध्ये बसून हे शोधता येत नाही.

*शेतीतून.* निफाड-दिंडोरीकडे सातबाऱ्यावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख, हप्ता शून्य. सर्पदंश आणि वीज पडणं हेही त्यात येतं. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, आणि लवकर.

*सावध:* नोकरीतलं कवच नोकरीसोबत जातं. त्यामुळे गट विमा आणि ईडीएलआय वहीत लिहा, पण आयुर्विम्याची उणीव काढताना वजा करू नका.

टप्पा ४: उणिवेची किंमत काढा

*क) आयुर्विमा.* सोपा हिशेब करू. माणूस नसताना घराला महिन्याला २४,००० लागतील, म्हणजे वर्षाला २.८८ लाख. मुलगी कमावती होईपर्यंत १५ वर्षं धरली तर ४३ लाख. त्यात कर्जाचे ११ आणि शिक्षणाचे १० लाख मिळवले की ६४ लाख. पीएफमधले ४ लाख वजा केले की ६० लाख उरतात. या रकमेचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू आला तरच पैसे देणारा, निवृत्तीच्या वयापर्यंत. मुदत संपली की काही परत मिळत नाही, म्हणून लोकांना तो फुकट गेल्यासारखा वाटतो. 'पैसे परत' टर्म प्लॅन या वाटण्यावरच विकला जातो आणि हप्ता बराच जास्त घेतो.

कर्जाचा वेगळा विमा बँकेने गळ्यात मारला असेल तर त्याचं कवच कर्जासोबत घटत जातं का, ते पाहा. टर्ममध्ये कर्ज धरलेलं असेल तर पुन्हा त्यासाठी हप्ता भरण्याचं कारण नाही.

धंद्यासाठी कर्ज किंवा जामीनकी असेल तर टर्म पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली घ्या. पैसे थेट बायको-मुलांचे होतात, देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. हे फॉर्म भरतानाच सांगावं लागतं, नंतर होत नाही.

*ख) आरोग्य विमा.* लोक रक्कम पाहतात आणि हप्ता पाहतात. दाव्यात पैसे कापले जातात ते मात्र खोलीभाड्याच्या ओळीवर. एक बिल उघडून पाहू.

पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाडं १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ५,००० ची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. बिल २ लाख: खोली २५,०००, डॉक्टर-नर्सिंग-ऑपरेशन थिएटर १ लाख, औषधं-तपासण्या ७५,०००. तुम्हाला वाटतं, फरक दिवसाला २,००० चा, म्हणजे १०,००० आपले. तसं होत नाही. खोली मर्यादेच्या वर घेतली की डॉक्टर आणि थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. खोलीचे १५,००० मिळतात, एक लाखाचे ६०,००० मिळतात, औषधं-तपासण्यांचे ७५,००० पूर्ण. हाती दीड लाख, खिशातून ५०,०००. ग्लोव्हज, मास्क अशा वस्तूंचे पैसे काही पॉलिसी देत नाहीत, ते वेगळेच.

म्हणून नवी पॉलिसी घेताना खोलीभाड्याला मर्यादा नसलेली किंवा 'सिंगल खोली' म्हणणारी घ्या. हप्ता थोडा जास्त असला तरी चालेल. कंपनीचं ३ लाखांचं कवच असताना सगळ्यात स्वस्तात उणीव भरते ती सुपर टॉप-अपने. पहिले ३ लाख कुणीही भरो, त्यापुढचे १०-१५ लाख ही पॉलिसी भरते. नावातला 'सुपर' शब्द तपासून घ्या. साधा टॉप-अप एकेका आजारपणाचं बिल ३ लाखांच्या वर गेलं तरच चालतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बिलं एकत्र मोजतो. वर्षात दोन-दोन लाखांची दोन आजारपणं आली तर साधा टॉप-अप काहीच देणार नाही.

प्रतीक्षेच्या मुदती: अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा नाही. हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या ठरावीक आजारांना आणि आधीपासूनच्या बीपी-शुगरला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागू शकतं. म्हणून सुपर टॉप-अप नोकरी असतानाच घ्यायचा. नोकरी गेल्यावर घेतला तर मुदत तेव्हापासून मोजली जाते.

*ग) अपघात.* दुचाकीवर रोज द्वारका किंवा पाथर्डी फाट्यासारखे चौक ओलांडणाऱ्याला २० रुपयांची योजना पुरत नाही. वैयक्तिक अपघात विमा टर्मपेक्षा खूप स्वस्त असतो. त्यात 'तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाला' आठवड्याला पैसे मिळतात का, ते पाहा. पाय प्लास्टरमध्ये असताना घर चालतं ते त्या पैशांवर.

*घ) घर.* हा विमा नाशिकमध्ये सगळ्यात कमी लोक काढतात, आणि काढतात ते चुकीच्या रकमेचा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, पूर, भूकंप, दरड, पाण्याची टाकी-पाइप फुटणं यात येतं. रक्कम बाजारभावाची धरायची नाही, कारण जमीन जळत नाही की वाहून जात नाही. ६०० चौरस फूट गुणिले बांधकामखर्च २,००० धरला तर १२ लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे २.४ लाख, घरातल्या सामानासाठी आपोआप धरले जातात, कमाल १० लाख. एवढ्या कवचाचा हप्ता शेकड्यांत असतो, फार तर एक-दोन हजार. माझ्या मते या यादीतला सगळ्यात स्वस्तात सुटणारा प्रश्न हाच.

चोरीचा भाग नीट वाचा. नुसती घरफोडी यात येत नाही. पूर आल्यावर किंवा आग लागल्यावर त्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच येते. घरफोडीचं कवच वेगळं जोडावं लागतं. दागिन्यांची किंमतही वेगळी ठरवून घ्यावी लागते.

कुणाला जास्त गरज? गोदाकाठच्यांना. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढलं की सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीचा सखल भाग यांना काय होतं, ते २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये दिसलं आहे. नासर्डीकाठच्या सोसायट्यांचे तळमजलेही त्याच रांगेत. पावसाळ्याच्या तोंडावर धावपळ करू नका, मार्च-एप्रिलमध्येच घ्या. आपली इमारत निळ्या-लाल पूररेषेत येते का, ते महापालिकेच्या नगररचना विभागात कळतं. जुन्या माती-लाकडाच्या वाड्याला कंपनी पाहणी मागू शकते, नाकारूही शकते. वाड्यातल्या भाडेकरूला वास्तूचा विमा काढता येत नाही, पण सामानाचा निघतो. सोसायटीने इमारतीचा विमा आधीच काढला असेल तर तुम्हीही फक्त सामानाचा काढा.

*तपासा:* व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. हातातलं कोटेशन १८ टक्के लावलेलं असेल तर नवं मागा. दुसरं, तुमचा टॅक्स नव्या पद्धतीत भरला जात असेल तर ८०सी (आयुर्विमा, पीपीएफ) आणि ८०डी (आरोग्य विमा) ची वजावट मिळत नाही. 'टॅक्स वाचेल' हे कारण तिथेच संपतं.

टप्पा ५: जुन्या पॉलिसीचं काय करायचं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि दोन्ही बाजूंनी. कुणी रडत-खडत नको ती पॉलिसी ओढत राहतो, तर कुणी एक व्हिडिओ बघून सगळ्या सरेंडर करून, म्हणजे मुदतीआधी मोडून, येतो.

आधी नवी घेण्याचा हिशेब. बचत-अधिक-विमा प्रकारची पॉलिसी: वर्षाला ३०,०००, २० वर्षं, विमा ६ लाख, शेवटी १० लाख ४० हजार मिळतील असं कागदावर लिहून दिलेलं. भरले ६ लाख, मिळाले साडेदहा, ऐकायला बरं वाटतं. परतावा काढला तर साधारण ५ टक्के येतो. याऐवजी १०,००० चा टर्म घेतला (हप्ता धरून चाललेला) आणि २०,००० पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी टाकले, तर २० वर्षांनी ८ लाख ८८ हजार. दीड लाख कमी. हे मान्य करून पुढे जा, कारण बदल्यात मधली वीस वर्षं ६ लाख आणि बोनसऐवजी ६० लाखांचं कवच मिळतं. घर एकाच्या पगारावर असेल तर मला यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही. आधीच पुरेसा टर्म असेल तर मात्र पूर्ण ३०,००० पीपीएफमध्ये टाका, १३ लाख ३० हजारांच्या आसपास होतात.

आता चालू असलेली. इथे आजवर भरलेले पैसे विसरायचे. विचारायचं एवढंच: आज सरेंडर केली तर किती, पुढे भरायचे किती, शेवटी मिळणार किती.

समजा १४ हप्ते भरले, ६ उरले. शाखेत लेखी अर्ज करून सरेंडर मूल्य मागितलं, ४.५ लाख आलं. ते ७ टक्क्यांच्या ठेवीत सहा वर्षं ठेवले आणि दर वर्षी वाचलेले ३०,०००ही तसेच टाकले, तर साधारण ९ लाख ५ हजार होतात. पॉलिसी १० लाख ४० हजार देणार आहे. म्हणजे ही चालू ठेवायची. पारंपरिक पॉलिसीचा तोटा सुरुवातीच्या वर्षांतच सोसून झालेला असतो, शेवटची वर्षं तुमच्या बाजूची असतात.

तीच पॉलिसी दोन हप्त्यांनंतर? ६०,००० भरलेत, सरेंडरला १८,००० मिळतील असं धरू. उरलेल्या १८ वर्षांचे ३०,००० रुपये ७.१ टक्क्यांनी ११ लाखांवर जातात. एकदम ४२,००० गमावूनही बंद करणं फायद्याचं ठरतं, अर्थात टर्म आधीच हातात असेल तर. मधल्या वर्षांत असाल तर 'पेड-अप' हा तिसरा रस्ता आहे: हप्ते थांबवायचे, घटलेली रक्कम मुदतीनंतर घ्यायची.

*सावध:* नव्या टर्म आणि आरोग्य विम्याचे बाँड हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका. वैद्यकीय तपासणीत शुगर निघाली आणि कंपनीने नकार दिला तर दोन्हीकडून जाल.

टप्पा ६: पेन्शन

टप्पा ४ मधला विमा झाला नसेल, सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल किंवा सोनेतारण, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड यांचं व्याज चालू असेल, तर पेन्शनचा हप्ता अजून सुरू करू नका. १४ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून ७ टक्क्यांची पेन्शन विकत घेण्यात अर्थ नाही.

*पहिलं, आधीच काय येणार आहे.* पीएफ कापला जातो त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन ५८ व्या वर्षापासून मिळते, सेवा किमान १० वर्षं हवी. सूत्र: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगार १५,००० पर्यंतच धरतात. १८ वर्षांच्या सेवेला महिन्याला ३,८५७ रुपये. कमी आहेत, पण आहेत.

ठेकेदारीतली पोरं दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना पीएफसोबत पेन्शनचेही पैसे काढून घेतात. सेवा दर वेळी शून्यावर येते आणि पन्नाशीत कळतं की दहा वर्षं कधी भरलीच नाहीत. नोकरी बदलली की खातं ट्रान्सफर करा. पुढची नोकरी पीएफवाली नसेल तर झालेली सेवा शाबूत ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट घ्या.

*दुसरं, लागणार किती.* आजचे २४,००० महागाई ६ टक्के धरली तर २६ वर्षांनी १ लाख ९ हजार होतात. हा आकडा बघून घाबरायचं नाही, पण कोणतीही पेन्शन याच मापाने मोजायची.

*तिसरं, अटल पेन्शन.* १८ ते ४० वय, आयकरदात्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून प्रवेश नाही. उदाहरणातल्या बायकोने ३० व्या वर्षी ५,००० ची पेन्शन निवडली तर महिन्याला ५७७ रुपये, ६० वर्षांपर्यंत एकूण २ लाख ८ हजारांच्या आत. त्यानंतर तहहयात ५,०००, तिच्यामागे जोडीदाराला ५,०००, दोघांनंतर वारसाला साडेआठ लाख. परतावा वाईट नाही, सरकारची हमी आहे. भरावी. पण ३० वर्षांनंतरच्या ५,००० ची किंमत आजच्या पैशात सुमारे ८७० रुपये आहे. तिच्यावर म्हातारपण निघणार नाही, औषधांच्या दुकानाचं बिल निघेल. म्हणून ती घेऊन 'पेन्शनचं झालं' असं म्हणू नका. खात्यात हप्त्याच्या तारखेला पैसे ठेवा, चुकलं की दंड लागतो.

*चौथं, कंपन्यांच्या पेन्शन योजना.* साठीच्या आसपास एकरकमी पैसे देऊन महिन्याला पेन्शन घेण्याची ॲन्युइटी विकायला माणूस घरी येतो तो निवृत्तीच्या महिन्यातच. त्याला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या: मूळ रक्कम परत मिळते का, कुणाच्या मृत्यूनंतर? बायकोला पेन्शन पुढे चालते का, पूर्ण की अर्धी? दर वर्षी वाढते का? मध्येच पैसे लागले तर?

समजा १० लाखांवर महिन्याला ५,६०० आणि मुद्दल वारसाला परत, असं कोटेशन आलं. ते ६.७ टक्के झाले. तेच १० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर तिमाहीला २०,५०० मिळतात, मुद्दल पाच वर्षांनी आपलं. कमाल ३० लाख ठेवता येतात. व्याज आणि पेन्शन दोन्हींवर उत्पन्नानुसार टॅक्स आहे. साध्या हिशेबात पोस्ट जिंकतं. ॲन्युइटीची बाजू एकच: दर आयुष्यभरासाठी बांधला जातो, पोस्टात पाच वर्षांनी जो दर असेल तो. ज्यांच्या घरी हातात पैसा आहे म्हटल्यावर भाचे-पुतणे दुकान टाकायला मागतात, त्यांच्यासाठी न मोडता येणारी पेन्शन हा तोटा नसून सोयच आहे. अशांनी थोडा भाग तिथे ठेवायला हरकत नाही. पस्तिशीत मात्र ॲन्युइटीचा विचारही नको. तेव्हा पीपीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि पीएफमध्ये जादा भर घालणं हे मार्ग मोकळे आहेत.

टप्पा ७: फॉर्म भरताना

१. फॉर्म स्वतः भरा. एजंट म्हणेल, "दादा, सही तेवढी करा, बाकी मी बघतो." दावा नाकारला जातो तो त्याने भरलेल्या रकान्यांवरून.
२. तंबाखूच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. मशेरी लावणं, गुटखा, विडी, सगळं तंबाखूतच येतं. हप्ता वाढेल, वाढू द्या.
३. बीपी-शुगरची गोळी, जुनं ऑपरेशन, आई-वडिलांचे आजार, सगळं लिहा. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार आयुर्विम्यात तीन वर्षांनंतर कंपनी पॉलिसीवर शंका काढू शकत नाही, आरोग्य विम्यात ही मुदत पाच वर्षं आहे आणि सिद्ध झालेली फसवणूक तिला अपवाद आहे. लपवून ही मुदत काढण्याचा जुगार खेळू नका.
४. पैसे फक्त कंपनीच्या नावाने. एजंटच्या फोन नंबरवर कधीच नाही.
५. नॉमिनीचं नाव आधारवर आहे तसंच लिहा.

पॉलिसी हातात पडली की ३० दिवसांची फ्री-लूक मुदत सुरू होते. त्या मुदतीत ती परत करता येते आणि किरकोळ खर्च वजा होऊन पैसे मिळतात. आलेला लिफाफा कपाटात टाकू नका. त्याच आठवड्यात फॉर्मची छापील प्रत, रक्कम, मुदत आणि खोलीभाड्याची ओळ वहीतल्या रकान्याशी जुळवा.

टप्पा ८: दावा अडला तर

ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी, अचानक भरती झाली तर २४ तासांच्या आत कंपनीला कळवा आणि संदर्भ क्रमांक घ्या. नकार आला तर तो लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली हेही त्यात हवं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. नाशिकची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकीलही लागत नाही.